देवाचा ना-हरकत दाखला

एखाद्या माणसाचा तिरस्कार करायचा म्हटला तर आपल्यालाही थोडी मेहनत घ्यावी लागते. आबा साळव्यांनी ती तसदी मला कधी दिली नाही. सकाळी सहाला ते अंगणात उभे राहून घसा खाकरत, आणि तिथूनच माझ्या कपाळाला आठी पडायला सुरुवात होई.

रत्नागिरीत तेव्हा मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. सरकारी कागदावर या जागेला व्रणोपचारक म्हणतात. बैलाच्या खांद्याला मलम लावणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. आबांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि दोन मुलं भाड्याने राहत होतो. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आबा धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते, बरीच वर्षं अलोऱ्याच्या कॉलनीत काढून रिटायर झालेले. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का, अशी दोनच माणसं. आक्का सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. त्याच साली आई वारली आणि चार वर्षांचा दत्तू तिच्या पदरात पडला. तो पदरातच राहिला. दत्तूचे दत्ताराम झाले, साळवीसाहेब झाले, आबा झाले, पण सकाळी त्यांचं आंघोळीचं पाणी उपसून ठेवायचं आणि गंजिफ्रॉक उलटा काढलेला सुलटा करायचा, हे काम आक्काचंच.

आबांच्या खिशाला दोन पेनं असत. निळं लिहायला आणि लाल शेरा मारायला. रिटायर झाल्यावर शेरा मारायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते घरातल्या कॅलेंडरवर मारत. दूधवाल्याच्या तारखेपुढे 'दूध पातळ, खुलासा मागवावा'. न्हाव्याच्या तारखेपुढे 'कल्ले असमान'. दुसऱ्या खिशात पोलादी टेप. माझ्या धाकट्याचा पाळणा टांगला तेव्हा ते आले, आढ्यापासून पाळण्यापर्यंतचं अंतर मोजलं, 'ठीक' म्हणाले आणि निघून गेले. पाळण्यात मूल आहे हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

एवढं मोजमाप करणाऱ्या या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतः एकही निर्णय घेतला नव्हता. नोकरीत काहीही अडलं की "प्रकरण वर पाठवलंय" म्हणायचं, ही सवय. वर कोणीतरी असतंच. घरात वर कोणी नव्हतं तर ते प्रकरण आडवं ठेवत. माझ्या स्वयंपाकघराच्या कौलांवर एक माड झुकला होता, मुळाशी पोखरलेला. मी सांगितलं, आबा, हा तोडा. आबांनी बुंध्याचा घेर मोजला, झुकलेला कोन पाहिला, वहीत आकृती काढली. पुढच्या वर्षी पुन्हा मोजला आणि "तीन इंच सरकलाय" असं मला समाधानाने सांगितलं. तिसऱ्या पावसाळ्यात भरदुपारी माड कौलं फोडून आमच्या चुलीवर आला. नशीब, बायको विहिरीवर गेली होती. आबा आले, पडलेल्या माडाभोवती फिरले, लाल पेन काढलं आणि म्हणाले, "चला, प्रश्न निकाली निघाला." त्या दिवशी मी त्यांच्या अंगावर हात टाकायचा राहिलो तो आक्कामुळे. ती झाडू घेऊन आधीच कौलांचे तुकडे गोळा करायला लागली होती आणि माझ्या बायकोला म्हणत होती, "आज माज्याकडंच जेवा सगळी. आमच्या दत्तूला ना, कधीपासून तो माड काढायचाच होता."

पुढे आक्काला विसर पडायला लागला. आधी मीठ दोनदा पडायचं. मग भात दोनदा शिजायला लागला. एकदा गॅस उघडा सोडून ती काडेपेटी शोधत फिरत होती, ते माझ्या बायकोने वासावरून ओळखलं आणि धावत जाऊन बंद केला. कधी कधी ती आबांनाच आपले वडील समजे, डोक्यावरून पदर घेऊन भिंतीला टेकून उभी राही आणि "नाना, गडी आले नायत अजून," असं हळूच सांगे. आबा नेमके अशा वेळी पेपर तोंडासमोर धरत.

एका डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, की मेंदू झिजतोय, औषध नाही, माणूस लागेल. आबांनी वहीत लिहिलं, 'माणूस लागेल', आणि खाली लाल रेघ ओढली. मग माझ्याकडे आले. गरज पडली की ते मला डॉक्टर म्हणत.

"डॉक्टर, गुरांत आढळतं का हे?"

"गुरं इतकी म्हातारी होईपर्यंत कोणी ठेवत नाही, आबा."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मी टोमणा मारला होता.

ठरलं असं, की आक्काला कुठेतरी ठेवायचं. कोणी ठरवलं ते विचारू नका. 'ठरलं' हे क्रियापद आबांचं फार लाडकं, त्याला कर्ता लागत नाही. आणि कामाच्या नियमाप्रमाणे एक वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणची पाहायची. तेव्हा रत्नागिरीत अशी ठिकाणं तीन शोधायची म्हणजे अवघडच होतं. वृद्धाश्रम हा शब्दही लोक हळू आवाजात उच्चारत. पण आबांनी तीन शोधली, आणि सोबत मला घेतलं. एकटे ते कुठे जात नसत. भाडेकरूला नाही म्हणायची सोय नसते.

पहिलं ठिकाण पावसच्या रस्त्याला, कलमांच्या बागेत. स्वच्छ जागा. आक्काला रिक्षात बसवून आबा आत गेले. दोन खाटांमधलं अंतर मोजलं, खिडक्या मोजल्या, स्लॅब कोणत्या साली पडला ते विचारलं. मोरीत तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे वाहतं ते बघत उकिडवे बसले. व्यवस्थापक बिचारा सज्जन, त्याला वाटलं सरकारी तपासणी आहे. दीड तासाने त्याने भीत भीत विचारलं, आपल्याला कोणासाठी हवंय? आबांनी सांगितलं. तो म्हणाला, "अहो, विसर पडलेली माणसं आम्ही घेतच नाही. हिंडतीफिरती, आपलं आपण करणारी लागतात." आबा मला म्हणाले, "हे यांनी आधी सांगायला हवं होतं." तो बिचारा आधी काय सांगणार! याने आधी विचारायला नको?

दुसरं ठिकाण खाडीकडच्या मोहल्ल्यात. हलीमाबाई नावाच्या नर्स होत्या, नोकरी संपवून घरी बसलेल्या. मुलगा मस्कतला. त्याने बांधलेल्या घराच्या खालच्या मजल्यावर त्या चार म्हाताऱ्या सांभाळत. पाटी नाही, छापील कागद नाही. आम्ही गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून कोळंबी सोलत होत्या. आबा टेप घेऊन आत गेले. आक्का रिक्षातून आपणहून उतरली, हलीमाबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि टोपलीत हात घातला. डोकं मोडलं, साल काढलं, पाठीवरचा काळा दोरा ओढला. पहिली झाली, दुसरी झाली. घरात मिठाचा डबा न सापडणारी बाई, पण बोटं काही विसरलेली नव्हती. कितीतरी महिन्यांनी मी तिचा चेहरा असा सैल पाहिला.

हलीमाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "राहूदेत यांना हितं. हात चालतोय ना? मग पुष्कळ झालं. चार दिवस सोडून बघा, नाय जमलं तर घेऊन जावा."

आक्का म्हणाली, "उद्या कालवं आण गो. मी फोडीन."

परत येताना आबांनी वहीत शेरा मारला, 'न्हाणीचा उतार उलट दिशेस'. मला वाटलं, यांना मोहल्ला नको आहे, आणि मी ते तोंडावर बोलून दाखवलं. आबा खरोखरच दुखावले. "छे छे! तसलं काही नाही हो. अलोऱ्याला आमचा फिटर मुसलमान होता, आक्का त्याला दिवाळीचा फराळ द्यायची." मग रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी आले. "घरापासून दहा मिनिटांवर आहे ना ते. येताजाता लोक विचारणार, बहिणीला इथे ठेवलीत? लांब असलं म्हणजे कसं, उपचाराला पाठवलंय म्हणता येतं."

मी आयुष्यात बरीच घाण पाहिली आहे, माझा धंदाच तो. किडे पडलेली जखम धुताना मी कधी तोंड फिरवलं नाही. त्या रिक्षात मात्र फिरवलं.

तिसरं ठिकाण घाट चढून वर, गाडीने पाच तासांवर. ते आबांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा छापील कागद आला होता, गुळगुळीत, वर इमारतीचा फोटो, खाली 'सुसज्ज' हा शब्द दोनदा. मोरीत तांब्या ओतून बघणारा माणूस फोटोवर भाळला. इमारत दूर आहे, एवढा एकच गुण त्याला पुरला.

तरीही निर्णय घ्यायचा होता, आणि तो वर पाठवायला वर कोणी नव्हतं. मग आबांना गावचा देव आठवला.

आबांचं गाव लांज्याकडे, आत. तिथे देवाला कौल लावायची रीत आहे. पाषाणावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गुरवाने गाऱ्हाणं घालून सवाल विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, भाऊबंदकी, सगळं गाव या पाकळ्यांवर चालतं. मी त्याला हसत नाही. निदान विचारणारा सरळ विचारतो. आम्ही तिघं एस.टी.ने गेलो. देवळात गुरव आणि गावातले पाचसहा म्हातारे जमले होते, तरणे सगळे मुंबईला. आबांनी खिशातून सवाल काढला. तो त्यांनी टाइप करून आणला होता! 'माझ्या ज्येष्ठ भगिनीस बाहेरगावी संस्थेत ठेवण्यास देवस्थानची काही हरकत नाही ना?'

गुरवाने तो दोनदा ऐकला. डोकं खाजवलं.

"आबानू, हे असं नाय चालत. देवाला सरळ इचारायचं. ठेवू काय नको?"

"ठेवू का म्हटलं की निर्णय माझा होतो," आबा म्हणाले. "मला फक्त हरकत नको."

आबा साळवी कोण होते हे एका वाक्यात कोणी विचारलं तर मी हेच वाक्य सांगतो. ज्या बहिणीने जन्मभर त्यांचं केलं, तिला घालवायला त्यांना देवाकडून ना-हरकत दाखला हवा होता, तळ्याकाठी शेड बांधायला ग्रामपंचायतीचा मागतात तसा.

गुरव नाइलाजाने उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, आज तुजा हा लेकरू तुज्या दारात आलाय..."

म्हातारे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"त्याची थोरली भईन, तिला परमुलखात ठेवायला, म्हाराजा, तुजी काय हरकत नाय ना?"

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात एक बाईचा आवाज होता, सगळ्यांत खणखणीत. आक्का हात जोडून, डोळे मिटून उभी होती. लहानपणापासून त्या देवळात गाऱ्हाण्याला होय म्हणायची सवय, ती तेवढी शिल्लक होती. आपल्याबद्दलच विचारताहेत हे तिच्या गावीही नव्हतं. गुरवाने तिच्याकडे वळून पाहिलं. मी आबांकडे पाहिलं. ते पाकळीकडे बघत होते.

उजवी पाकळी पडली, आणि देवळात भांडण लागलं. एक म्हातारा म्हणाला, उजवा झाला म्हणजे होय, होय म्हणजे हरकत हाय. दुसरा म्हणाला, येडा काय तू, होय म्हणजे होय, हरकत नाय. तिसरा म्हणाला, सवालच वाकडा तर देव काय करील? गुरव कळवळून सांगत होता, "पाकळी पुन्ना लावतो. सरळ इचारतो. एका सवालाचं काम हाय." आबांनी तोवर वही काढून लाल पेनाने लिहूनही टाकलं होतं, 'ना-हरकत मिळाली'.

"एकदा मिळालेला दाखला पुन्हा मागवत नाहीत," ते म्हणाले, आणि आक्काला प्रसाद घ्यायला सांगितलं.

त्या रात्री बायको मला म्हणाली, "तुम्ही बोला की काहीतरी." बोललो असतो. पण आक्काला आमच्याकडे ठेवतो, असं मीही म्हणू शकत नव्हतो. दोन खोल्या, दोन पोरं, बायकोचं कंबरदुखणं. मी एवढंच म्हटलं, "त्या हलीमाबाईंकडे पुन्हा विचारा." आबा म्हणाले, "ते प्रकरण बंद झालंय."

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. सोबत मी होतोच. आक्काने जाताना नवं लुगडं नेसलं होतं, आणि कपड्यांचं गाठोडं सबंध वाटभर मांडीवर धरून बसली होती. घाट चढताना तिने माझ्या मुलांची नावं बरोबर सांगितली, मग मी कोण ते विचारलं.

फोटोतली इमारत फोटोपेक्षा बरीच जुनी होती, पण माणसं वाईट नव्हती. ऑफिसात एक चष्मेवाल्या प्रौढ बाई होत्या, तिथल्या मुख्य. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि फॉर्म पुढे ओढला.

"आजींचं नाव?"

"आक्का."

"पूर्ण नाव हो."

आबांनी पिशवीतून रेशनकार्ड काढलं आणि बघून सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं.

"भात लागतो का भाकरी?"

"जे असेल ते."

"चहात साखर घालायची?"

"घालत असावी."

"रात्री उठतात का? घाबरतात?"

"मी माडीवर झोपतो."

"बरं, काही दुखणंखुपणं? काय केलं की बरं वाटतं त्यांना?"

आबांनी वही उघडली. पानं उलटली, पुन्हा उलटली. त्या वहीत पावसच्या खिडक्या होत्या, हलीमाबाईंच्या न्हाणीचा उतार होता, आमच्या माडाचा घेरसुद्धा असेल. आक्का कुठेच नव्हती. मी हे सगळं अगदी मजेने बघत होतो, हे कबूल करतो. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांचीच तपासणी करत होतं आणि त्यांच्याजवळ एकही आकडा नव्हता.

तेवढ्यात आक्काने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती बाईंकडे वळली.

"त्याला काय म्हायती? लहान हाय तो. मी सांगते, लिवून घ्या बाय. भात मऊ लागतो त्याला. माशाचा काटा काढून द्यायचा, नायतर घशात अडकवून घेतो. थंडीत कान दुखतो उजवा, तेल कोमट करून दोन थेंब. काळोखाला भितो, तेवढी चिमणी लावून ठेवा. आन् कोण ओरडला तर निजेत मुततो. मारू नका. आई नाय त्याला."

बाई पहिल्या दोन ओळी लिहून गेल्या होत्या. मग त्यांना कळलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. आबांना लहानपणी शिकायला कुठल्याशा बोर्डिंगात ठेवलं होतं, हे मला तिथे समजलं. त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

आक्का उठली. आपलं गाठोडं तिने आबांच्या मांडीवर ठेवलं, त्यांच्या बुशशर्टाची कॉलर सारखी केली. "बस हां दत्तू. मागनं येऊ नको, रडू नको. मी येते शनवारी." आणि ती मागे न बघता दाराबाहेर पडली, फाटकाकडे चालायला लागली.

बाई लगबगीने तिच्यामागे गेल्या. "आजी, चहा तरी घेऊन जा," म्हणत त्यांनी तिला हाताला धरून पलीकडच्या व्हरांड्याने आत नेलं. आक्काचा आवाज येत होता, "गाडी चुकंल माजी." मग दार लागलं आणि तोही ऐकू येईना.

आबा बाकावर तसेच होते. मांडीवर गाठोडं, हात गाठोड्यावर. फॉर्मवर त्यांची सही व्हायची होती. एक मुलगी येऊन फॉर्म आणि पेन त्यांच्यापुढे ठेवून गेली, त्यांनी तिकडे पाहिलं नाही. परतीची गाडी तीनची होती, तीनला वीस मिनिटं उरली होती.

"चला आबा," मी म्हटलं. "सही करा आणि चला. नाहीतर तिला घेऊन चला. काहीतरी एक करा."

मी पुन्हा हाक मारली.

"बस म्हणालीय ती," ते म्हणाले.

कोणाही माणसाचं काळीज अशा वेळी विरघळलं असतं. माझं नाही विरघळलं. मला एवढंच दिसलं, की आतासुद्धा हा माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर बसला आहे, आणि तो शब्द देणारी बाई तीन खोल्या पलीकडे गाडीची वाट बघते आहे. मी माझी पिशवी उचलली आणि त्यांना तिथेच सोडून स्टँडवर आलो. फाटकातून वळून पाहिलं तेव्हा ते अजून बसले होते, पाय जवळ घेऊन, ताठ. तीनच्या गाडीत मी एकटाच चढलो.